सबस्क्रिप्शन थांबवण्याआधी: इलस्ट्रेटर सोडून इंकस्केपवर येताना

लोगोतल्या पक्ष्याची चोच जरा आखूड करायची होती, एवढंच. ग्राहक जुना, काम दोन मिनिटांचं. फाइल माझ्याकडे होती, पण ती ज्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे अडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये, केली त्याचं सबस्क्रिप्शन मी दोन महिन्यांपूर्वीच थांबवलं होतं. बिनधास्त इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडायला गेले, तर पानावर पक्षी नाहीच. इंग्रजीत नुसता मजकूर, की ही इलस्ट्रेटरची फाइल पीडीएफशिवाय सेव्ह केलेली आहे.

चूक माझीच. एआय फाइल, म्हणजे इलस्ट्रेटरची स्वतःची फाइल, सेव्ह करताना ‘क्रिएट पीडीएफ कम्पॅटिबल फाइल’ अशी एक चौकट येते. फाइल हलकी व्हावी म्हणून त्यातली टिक काढायची खोड मला लागली होती. टिक असली की फाइलच्या पोटात पीडीएफची प्रतही जाते आणि बाकीची सॉफ्टवेअर ती प्रत वाचतात. नसली की संपलं. त्या दिवशी चोचीपायी अख्खा पक्षी पुन्हा काढला.

म्हणून नवीन सॉफ्टवेअर उतरवण्याआधी जुन्या घरातली आवराआवर. सबस्क्रिप्शनचा शेवटचा महिना नवीन कामाला नको, या कामाला ठेवा.

शेवटच्या महिन्यात काय करायचं

प्रत्येक कामाच्या तीन प्रती करायच्या. पहिली, टिक असलेली एआय. दुसरी, पीडीएफ. तिसरी, एसव्हीजी, म्हणजे ब्राउझरलाही कळणारी रेघांच्या चित्राची फाइल. फाइली शेकड्यांनी असतील तर इलस्ट्रेटरच्या ‘फाइल’ मेनूत ‘स्क्रिप्ट्स’मध्ये उघड्या असलेल्या सगळ्या फाइली एकदम पीडीएफ किंवा एसव्हीजी करणाऱ्या तयार स्क्रिप्ट असतात. वीस-पंचवीस फाइली उघडायच्या, स्क्रिप्ट चालवायची, बंद करायच्या, पुढच्या घ्यायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण दोन दुपारींत उरकतं.

लिंक केलेले फोटो आधी एम्बेड करा, म्हणजे फाइलच्या आतच घाला, नाहीतर एसव्हीजीत त्यांच्या जागी रिकामा चौकोन दिसेल. ग्रेडियंट मेश, म्हणजे रंगछटांची जाळी, वापरून केलेली चित्रं धड पलीकडे जात नाहीत. त्यांची मोठ्या रिझोल्यूशनची पीएनजी काढून ठेवा आणि त्यांच्यावर पाणी सोडा. आणि मजकूर, विशेषतः देवनागरी मजकूर, वेगळ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवून ठेवा. पीडीएफमधून देवनागरी परत मिळवायला गेलात तर वेलांट्या एकीकडे नि जोडाक्षरं तिसरीकडे. ते निस्तरण्यापेक्षा पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

रंगांचंही तसंच. नेहमीच्या ग्राहकांच्या रंगांचे आकडे, स्क्रीनचे आणि छपाईचे दोन्ही, मी एका फाइलीत लिहून काढले. इंकस्केपची रंगपेटी म्हणजे जीपीएल नावाची साधी मजकूर-फाइल असते: वर ‘गिम्प पॅलेट’ ही ओळ इंग्रजीत, मग एकेका ओळीवर लाल-हिरवा-निळ्याचे तीन आकडे आणि रंगाचं नाव. नोटपॅडमध्येसुद्धा करता येते. प्रेफरन्सेसमधल्या ‘सिस्टीम’मध्ये तुमच्या पॅलेट फोल्डरचा पत्ता दिसतो, त्यात ती ठेवायची आणि इंकस्केप बंद करून उघडायचं.

इंकस्केपच का

अडोबीने २०१३ साली जाहीर केलं की सीएस६ या विकत मिळणाऱ्या आवृत्तीनंतर सगळं क्रिएटिव्ह क्लाउडवर, म्हणजे भाड्याने. तेव्हापासून पर्याय शोधणाऱ्यांची रांग आहे, आणि पर्यायही बरेच. ॲफिनिटी डिझाइनर २०१४ मध्ये मॅकवर आलं, २०२४ मध्ये कॅनव्हाने ते विकत घेतलं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून कॅनव्हाचं खातं उघडून ते फुकट वापरता येतं. देखणं आहे, चपळ आहे, इलस्ट्रेटरची सवय असलेल्या हाताला लवकर जमतं. लिनक्सवर मात्र येत नाही, आणि फाइल त्याच्या स्वतःच्या साच्यात राहते. आज फुकट आहे म्हणून उद्याची अट काय असेल हे माझ्या हातात नाही. एकदा पोळलेली मी ताकही फुंकून पिते.

इंकस्केपची मूळ फाइलच एसव्हीजी. हा वेबचा खुला साचा, डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने २००१ साली ठरवलेला. ब्राउझर तो दाखवतो, बाकीची सॉफ्टवेअर वाचतात, आणि अगदी गळ्याशी आलं तर टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून रंगाचा आकडा हाताने बदलता येतो. मी केलाय. इंकस्केप २००३ मध्ये सोडिपोडी नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालं आणि जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे (रंगपेटीच्या जीपीएलशी याचा संबंध नाही), म्हणजे धंद्याच्या कामाला वापरायलाही कुणाची परवानगी लागत नाही.

दहा वर्षांपूर्वी वापरून वैतागला असाल तर तो अनुभव बाजूला ठेवा. तेव्हा मॅकवर चालवायला आधी एक्सक्वार्ट्झ नावाचं वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं. १.० आवृत्ती मे २०२० मध्ये आली. आर्टबोर्डसारखी अनेक पानं १.२ मध्ये, म्हणजे २०२२ ला. शेप बिल्डर, म्हणजे आकार जोडायचं-कापायचं हत्यार, २०२३ च्या १.३ मध्ये. त्यामुळे १.३ किंवा त्यापुढचंच घ्या.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी बदला

पहिल्यांदा उघडल्यावर स्वागताच्या खिडकीतच शॉर्टकट कुठले हवेत हे विचारतात. त्यात इलस्ट्रेटरचा संच आहे. मोह होतो, मी निवडलाही होता. आठवड्याने परत मूळ संचावर आले, कारण शिकवणीचा प्रत्येक व्हिडिओ मूळ शॉर्टकट गृहीत धरून बोलतो आणि आपण चाचपडत बसतो. ‘एस’ने निवड, ‘एन’ने नोड (रेघेवरचे बिंदू), ‘बी’ने पेन, ‘टी’ने अक्षरं. चार अक्षरं पाठ झाली की निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट मापाची. पन्नास मिलिमीटरचा चौकोन काढला, त्याला एक मिलिमीटरची रेघ दिली, तर वरच्या पट्टीत माप दिसतं एक्कावन्न. मी अर्धा तास कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. कारण साधं आहे: इंकस्केप रेघेची जाडी धरून मोजतं. प्रेफरन्सेसमध्ये ‘टूल्स’खाली ‘जॉमेट्रिक बाउंडिंग बॉक्स’ निवडा, पन्नासचे पन्नास दिसतील.

तिसरी: निवडीचं हत्यार हातात असताना वरच्या पट्टीच्या उजव्या टोकाला चार छोटी बटणं असतात. पहिलं ठरवतं की वस्तू लहानमोठी केल्यावर रेघेची जाडीही बदलायची की नाही. लोगो छोटा केला आणि रेघा जाडच राहिल्या, किंवा उलट, तर दोष या बटणाचा. सुरुवातीच्या निम्म्या तक्रारी याच्याच असतात.

काही किरकोळ: रंगपट्टीवर नुसतं क्लिक केलं तर आतला रंग, शिफ्ट धरून केलं तर रेघेचा. वस्तूवर दुसऱ्यांदा क्लिक केलं की बाण फिरवण्याचे होतात. ग्रुपमधल्या एकाच वस्तूला हात लावायचा तर कंट्रोल धरून क्लिक. आणि चौकोन हा चौकोनच राहतो, त्याचे नोड ओढता येत नाहीत. त्यासाठी ‘पाथ’ मेनूतलं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-सी; मग तो पाथ, म्हणजे नोडांनी बनलेली मोकळी रेघ होतो. हे शेवटचं मला त्रासदायक वाटायचं. आता आवडतं, कारण गोलाई दिलेले कोपरे सहा महिन्यांनीही सरळ करता येतात.

एकच काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

फीचर्सच्या याद्या वाचून सॉफ्टवेअर बदलता येत नाही. आपण दर आठवड्याला करतो असं एक काम घ्यायचं आणि ते पूर्ण करायचं, अडेल तिथे शोधायचं. माझ्यासाठी ते काम तोच पक्षी होता.

कागदावरचं पेन्सिलचं चित्र स्कॅन करून आत घेतलं, अपारदर्शकता चाळीस टक्क्यांवर आणली आणि त्या लेयरला कुलूप घातलं. आधी आळशी वाट: ‘पाथ’ मेनूतलं ‘ट्रेस बिटमॅप’, चित्रावरून आपोआप रेघा काढणारं. यामागे पोट्रेस नावाचं साधन आहे आणि शाईच्या स्वच्छ कामावर ते फार छान चालतं. पेन्सिलवर नाही. पक्षी आला खरा, पण नोडचं हत्यार घेऊन खालच्या पट्टीत पाहिलं तर ६१२ नोड. पाठीच्या एका वळणावर तीस-पस्तीस, मुंग्यांसारखे. ‘सिम्प्लिफाय’ म्हणजे कंट्रोल-एल दाबलं की नोड कमी होतात, पण पाठोपाठ दाबत गेलं तर ते दर वेळी जास्त जोरात चालतं. चौथ्या वेळेला चोचीचं टोक बोथट झालं आणि पक्ष्याचं बदक.

मग पेन. ‘बी’ दाबून, क्लिक करून ओढत. नोड कुठे टाकायचे? वळणाच्या टोकांना: पाठ सगळ्यात उंच जिथे, पोट सगळ्यात खाली जिथे, छाती सगळ्यात पुढे जिथे. आणि जिथे रेघ मोडते तिथे, म्हणजे चोचीचं टोक, शेपटीचे कोपरे. मधे टाकायचेच नाहीत; मधली वळणं नोडला फुटलेल्या दांड्या ओढून होतात. चुकून मधे पडलेला नोड डिलीटने काढा, इंकस्केप आकार शक्य तितका सांभाळतं. टोक हवं तिथे नोड निवडून शिफ्ट-सी, गुळगुळीत हवं तिथे शिफ्ट-एस. सगळा पक्षी चौतीस नोडमध्ये बसला. चोच आखूड करायची तर आता एकच नोड मागे ओढायचा.

डोळा, पंखावरची खाच, शेपटीतली फट हे सगळं वेगळे आकार काढून ‘डिफरन्स’ने कापलं: वरचा आकार खालच्यातून वजा. अशी तीन-चार कापाकापी एकदम असेल तर सगळं निवडून शेप बिल्डर घ्यावा, हवे ते तुकडे ओढून जोडावे, नको ते शिफ्ट धरून टिपावे. वर्षानुवर्षं इलस्ट्रेटरमध्ये केलं तेच, जवळजवळ त्याच हातवाऱ्यांनी.

अक्षरं

इथे इंकस्केपने मला सुखाचा धक्का दिला. इलस्ट्रेटरमध्ये देवनागरी नीट जुळायला भारतीय लिपींचे पर्याय चालू करून अक्षरं जुळवणारा योग्य कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर ‘क्ष’ फुटतो, पहिली वेलांटी उजवीकडे जाते. इंकस्केप अक्षरजुळणीसाठी पँगो आणि हार्फबझ ही साधनं वापरतं. युनिकोड फॉन्ट लावायचा, टाइप करायचं, जोडाक्षरं जागच्या जागी. मुक्त परवान्याचे फॉन्ट हवे असतील तर मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी यांच्यापासून सुरुवात करा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये केलेला मजकूर मात्र फॉन्ट बदलताच अगम्य इंग्रजी अक्षरं होऊन बसतो. तो आधी युनिकोडमध्ये आणा.

अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या भानगडीत पडू नका. रोमनला ते शोभतं, देवनागरीची शिरोरेखा तुटते.

खरी गंमत अक्षरांचे आकार करताना. फाइल बाहेर द्यायची तर फॉन्ट समोरच्याकडे असेलच असं नाही, म्हणून कंट्रोल-शिफ्ट-सी. मजकुराचा ग्रुप होतो आणि त्यात प्रत्येक अक्षराचा वेगळा पाथ. दिसायला शिरोरेखा सलग, पण प्रत्यक्षात दोन अक्षरांची रेघ एकमेकांवर किंचित चढलेली असते. काळ्या भरीव अक्षरांत कळत नाही. बाहेरून रेघ दिली की प्रत्येक जोडावर उभी चीर दिसते. अक्षरं अर्धपारदर्शक केली की जोडावर गडद ठिपका. आणि कटिंग मशीनला दिली की पातं प्रत्येक जोडावर कापतं. दुकानाच्या पाटीसाठी मी दिलेला एक शब्द असाच अक्षराअक्षरांत सुटा होऊन आला होता. स्टिकर सोलताना एकेक अक्षर हातात. उपाय दहा सेकंदांचा: ग्रुप सोडवा, एका शब्दाची अक्षरं निवडा, कंट्रोल आणि अधिक चिन्ह, म्हणजे ‘युनियन’. शिरोरेखा खरोखर एक होते. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘डिस्प्ले मोड’मध्ये ‘आउटलाइन’ लावून एकदा बघा, जोडांवर एकही रेघ दिसता कामा नये.

त्याआधी मूळ मजकुराची प्रत एका लपवलेल्या लेयरवर ठेवा. ‘श्री’चं ‘सौ.’ करायला सांगणारा फोन येतोच.

जुन्या फाइली उघडताना

पीडीएफ पोटात असलेली एआय सरळ उघडते. कुरकुर केलीच तर फाइलच्या नावातलं शेवटचं ‘.ai’ बदलून ‘.pdf’ करा. उघडताना खिडकी येते, तिथे फॉन्ट नसेल तर मजकुराचे आकार करायला सांगा. उघडल्यावर सगळं ग्रुपच्या आत ग्रुप आणि वर क्लिपचे, म्हणजे चित्र झाकणाऱ्या चौकटींचे, पापुद्रे असं असतं. ‘एक्स्टेन्शन्स’मधल्या ‘अरेंज’खाली ‘डीप अनग्रुप’ आहे, ते चालवा, मग ‘ऑब्जेक्ट’मधून क्लिप सोडवा आणि फालतू चौकोन उडवा. ब्लेंड केलेल्या छटा शंभर पट्ट्यांच्या रूपात येतात. त्या दुरुस्त करत बसू नये, पुसून तिथे नवा ग्रेडियंट भरावा. कोरलड्रॉच्या फाइलीही उघडतात, गुंतागुंतीच्या असल्या की थोड्या मोडून.

छपाई

इथेच इंकस्केप खरोखर कमी पडतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ते लाल-हिरवा-निळ्यात काम करतं. मी वापरते त्या आवृत्तीची पीडीएफही त्यातच निघते. स्क्रीनसाठी, घरच्या प्रिंटरसाठी, डिजिटल छपाईसाठी बहुतेकदा चालतं. ऑफसेटला, म्हणजे छापखान्यातल्या प्लेटांच्या छपाईला, नाही.

माझं पहिलं व्हिजिटिंग कार्ड मी सरळ इंकस्केपची पीडीएफ देऊन छापून घेतलं. फोन नंबर बारीक काळ्या अक्षरांत. छापून आलं तेव्हा आकड्यांच्या कडेला गुलाबी-निळसर सावली. स्क्रीनवरचा काळा छपाईत जाताना चारही शायांच्या मिश्रणात बदलला गेला होता, आणि एकेका शाईची एक अशा चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षराची कड फाटते.

तेव्हापासून मधे स्क्रायबस, छपाईची पानं मांडायचं सॉफ्टवेअर. तेही मुक्त. इंकस्केपमध्ये अक्षरांचे आकार करून एसव्हीजी सेव्ह करायची. स्क्रायबसमध्ये कामाच्या मापाचं पान घ्यायचं, चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड), मग ‘फाइल’, ‘इम्पोर्ट’, ‘गेट व्हेक्टर फाइल’. ‘एडिट’मधल्या ‘कलर्स’मध्ये गेलं की आलेले रंग ‘फ्रॉमएसव्हीजी’ आणि पुढे कोड अशा नावांनी दिसतात. शून्यांचा कोड असलेला तो आपला काळा. तो पुसायला सांगितला की स्क्रायबस विचारतं, याच्या जागी कुठला? तिथे ‘ब्लॅक’ निवडायचा, म्हणजे शंभर टक्के काळी शाई, बाकी तिन्ही शून्य. बाकीच्या रंगांना एकेक करून सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार शायांचे, आकडे द्यायचे. आपणच लिहून ठेवलेली यादी इथे कामाला येते.

मग परीक्षा. घोस्टस्क्रिप्ट नावाचं पूरक सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर स्क्रायबसच्या प्रिंट प्रिव्ह्यूत चार शाया वेगवेगळ्या लावता-काढता येतात. काळीची टिक काढा. फोन नंबर पूर्ण गायब झाला पाहिजे. पुसट करडा उरला तर कुठेतरी तो चार शायांचा काळा अजून शिल्लक आहे, परत ‘कलर्स’मध्ये. छापखान्याला पीडीएफ-एक्स, म्हणजे खास छपाईसाठीची पीडीएफ, हवी असेल तर आधी डॉक्युमेंट सेटअपमध्ये कलर मॅनेजमेंट चालू करा, त्याशिवाय एक्स्पोर्टच्या यादीत तो पर्याय उमटत नाही.

पाच मिनिटं जास्त लागतात, मान्य. इलस्ट्रेटरमध्ये हे सगळं एकाच खिडकीत होतं. रोज चार रंगांचं कॅटलॉग करणाऱ्याने, किंवा ज्याच्या टीममध्ये बाकी सगळे एआय फाइलीच फिरवतात त्याने उगाच हट्ट धरू नये, सबस्क्रिप्शन ठेवावं. माझ्याकडे महिन्याला दोन-तीन छापील कामं असतात, बाकी सगळं स्क्रीनवर जातं.

चोच आखूड केलेला पक्षी ग्राहकाला पाठवला तेव्हा सोबत एसव्हीजीही दिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: फाइल ब्राउझरमध्येच उघडली, छान. चोच आता जरा जास्तच आखूड वाटतेय का?